टूरसाठी बाईक कशी तयार करावी: सामान थोडं, वजन जागेवर

दर दिवाळीच्या सुमारास आमच्या सोसायटीत कुणीतरी नवी बाईक आणतं आणि महिन्याभरात तिची वरातीतली घोडी करून टाकतं. तीन पेट्या, चार दिवे, पुढे भलीमोठी काच, हाताला गार्ड, इंजिनला गार्ड, मोबाईलला एक स्टँड आणि कॅमेऱ्याला दुसरा. मग मला खाली बोलावून विचारतात, "दादा, आता लडाखला न्यायला काही कमी आहे का?" कमी काहीच नसतं. जास्त काय आहे, ते सांगितलं की तोंड पडतं.

सगळं लावलेली बाईक वाईट असते असं माझं म्हणणं नाही. १९७५ साली होंडाची गोल्ड विंग आली तेव्हा तीही उघडीच होती, ना काच, ना पेट्या. लोकांनी बाहेरून फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच) आणून लावली, अमेरिकन डिझायनर क्रेग व्हेटरच्या विंडजॅमर फेअरिंगचा त्यात जोरात खप झाला, आणि १९८० मध्ये कंपनीने स्वतःच सगळं बसवलेलं इंटरस्टेट मॉडेल काढलं. पुढे ती इतकी वजनदार झाली की १९८८ च्या मॉडेलला स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स द्यावा लागला. पण त्या गाडीची चेसिस, शॉकअप, ब्रेक, सगळं त्या वजनाच्या हिशोबाने बनवलेलं असतं. आपण साडेतीनशे सीसीच्या गाडीला बाजारातून आणून जे बोल्टाने आवळतो, त्याचा हिशोब कुणीच केलेला नसतो. तो आपल्याला करावा लागतो, आणि हा लेख मुख्यतः त्या हिशोबाबद्दल आहे.

पहिली फेरी कोरी करा. शोरूममधून आली तशी गाडी, मागच्या सीटवर बांधलेली एक बॅग, दोन दिवस. दिवेआगर, हरिहरेश्वर, माळशेज, कुठेही. खिशात एक छोटी वही ठेवा आणि चहाला थांबाल तेव्हा काय नडलं ते लिहा. "काय असतं तर बरं झालं असतं" हे लिहू नका, ती यादी संपत नाही. माझ्या पहिल्या फेरीच्या वहीत तीनच गोष्टी होत्या: दीडशे किलोमीटरनंतर बूड बधीर होतं, मोबाईलची बॅटरी संपते, आणि रेनकोट हाताशी नसतो. चार दिव्यांचा त्यात उल्लेख नव्हता. निघायच्या आधी मात्र मी दिव्यांचे व्हिडिओ आठवडाभर पाहिले होते.

खरेदी त्या वहीवरून करा, बाकी काही नाही. सीटला चांगला फोम, एक यूएसबी चार्जर. काच लावायचीच तर छातीवरचा वारा अडेल इतकी बुटकी. वरची कड नेमकी हेल्मेटच्या पातळीला आली की वारा कानाशी थडाथडा आपटतो आणि संध्याकाळी डोकं उठतं.

दिव्यांचं म्हणाल तर मी पहाटे साडेचारला निघतो आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठतो, मला ते लागत नाहीत. तुम्हाला हवेच असतील तर रिले (दिव्याचा भार वेगळा उचलणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज लावून थेट बॅटरीवरून सप्लाय घ्या. हेडलाइटची वायर सोलून त्यात दुसरी पिळून वर चिकटपट्टी मारणारा मेकॅनिक दिसला की किल्ली परत घ्या. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट तसाही कायम सुरू असतो, त्या वायरवर आणखी भार नको. आणि हँडलपाशी वायर थोडी सैल सोडा. हँडल पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय वायर बांधून टाकली, तर ती आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता सामानाकडे येतो. इथे माझं दोन वर्षं चुकलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी पहिल्यांदा मोठा टॉप बॉक्स, म्हणजे मागच्या कॅरिअरवर बसणारी पेटी, घेतला. कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही, हेल्मेट मावतं, म्हटलं झालं काम. त्यात हत्यारं, चेनचं तेल, कॅमेरा, दोन लिटर पाणी, आईने दिलेली लाडवांची बरणी, सगळं भरलं. कोकणात निघालो. वडखळपर्यंत रस्ता असा होता की वेगच मिळाला नाही. पुढे मोकळा पट्टा लागला, ऐंशीच्या आसपास गेलो, शेजारून एक ट्रक गेला आणि गाडीने शेपूट हलवायला सुरुवात केली. हँडल नव्हे, अख्खी गाडी. डावीकडे, उजवीकडे, संथ, जणू मागे बसलेला माणूस मुद्दाम हलवतोय. मी घाबरून ब्रेक मारला आणि ते आणखी वाढलं. कसाबसा कडेला आलो तेव्हा पाय थरथरत होते. (असं कधी झालंच तर ब्रेक दाबू नका, हँडल आवळून धरू नका, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. गाडी आपोआप शांत होते.)

टायर तपासले, बेअरिंग तपासलं, मेकॅनिकने कोन-सेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) बदलायला लावला. पैसे गेले, शेपूट तशीच. दोष गाडीचा नव्हताच.

हिशोब सोपा आहे. मागच्या चाकाचा आस हा सी-सॉचा मधला खुंटा समजा. त्याच्या पुढे ठेवलेलं वजन दोन्ही चाकांवर वाटलं जातं. त्याच्या मागे ठेवलेलं वजन पुढच्या चाकाला उचलतं. गाडीच्या दोन आसांमध्ये १४० सेंटिमीटर अंतर आहे आणि १५ किलोची पेटी मागच्या आसाच्या ४० सेंटिमीटर मागे आहे असं धरा. पुढच्या चाकावरून सव्वाचार किलो कमी होतात आणि मागच्यावर सव्वाएकोणीस किलो वाढतात. सव्वाचार किलो ऐकायला फार वाटत नाही. पण ती पेटी उंच असते, अगदी टोकाला असते आणि तिची पाठ वाऱ्याला उघडी असते. ट्रकची हवा तिला ढकलते, आणि टोकाशी लटकलेलं वजन एकदा हललं की लवकर थांबत नाही. शिवाय मागचा शॉकअप दबतो, नाक वर होतं, पुढचं चाक आणखी हलकं होतं. रात्री याची खूण मिळते: तुम्ही लो बीमवर असूनही समोरचे दिवे मारत असतील, तर तुमच्या गाडीचं बूड बसलंय.

म्हणून माझा नियम असा. जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर आणि मागे. हत्यारं सीटखाली, नाहीतर टाकीवरच्या बॅगेत. पाणीही टाकीवरच्या बॅगेत. बाकी जड वस्तू साइड बॅगेच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात, त्यावर कपडे. जॅकेट, चादर, सुकामेवा, चिवडा, हे सगळं मऊ लांब बॅगेत, आणि ती बॅग मागच्या सीटवर आडवी. कॅरिअरवर नाही, सीटवर. सीट आसाच्या पुढे असते, कॅरिअर मागे. हे एक कळलं असतं तर माझा कोन-सेटचा खर्च वाचला असता.

दोन्ही साइड बॅगांचं वजन सारखं हवं, आणि ते अंदाजाने होत नाही. आमच्या खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मी दोन्ही बॅगा मोजून आणतो. तो हसतो, हसू दे. पहिल्यांदा मोजल्या तेव्हा डावी साडेसहा आणि उजवी अकरा निघाली होती. मला मात्र दोन्ही सारख्या वाटत होत्या.

उजव्या बाजूला सायलेन्सर असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात. माझ्या उजव्या बॅगेच्या तळाशी रेनकोट होता. महाडच्या अलीकडे प्लास्टिक जळाल्याचा वास आला, मला वाटलं कुणी कचरा जाळतंय. थांबून बघतो तर बॅगेला तळव्याएवढं भोक आणि रेनकोटाची पॅंट एका पायावर घट्ट चिकटून बसलेली. बरोबर अर्ध्या तासाने पाऊस आला. बॅग आणि सायलेन्सर यांच्यात हाताची चार बोटं आडवी जायला हवीत, तीही बॅग भरल्यानंतर आणि तुम्ही गाडीवर बसल्यानंतर. रिकामी बॅग नेहमी वर दिसते.

आणि डाव्या बाजूचा साडी गार्ड काढू नका. गाडी "रफ" दिसावी म्हणून पोरं तो पहिला काढतात. बॅग चाकात जाऊ नये म्हणून बाजारातून लोखंडी स्टे (बॅगेला आधार देणारी सळई) आणून वेल्डिंग करणारे पाहिलेत मी, आणि कंपनीने दिलेला फुकटचा स्टे घरी माळ्यावर पडलेला असतो.

बांधायला बंजी कॉर्ड वापरत असाल तर हूक डोळ्याच्या रेषेत धरून ओढू नका. मी रुंद नायलॉनचे बकलवाले पट्टे वापरतो आणि जोडीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. पंक्चरवाला मागितल्या तर अशाच देतो. ट्यूब सरकत नाही, ओली झाली तरी धरून ठेवते. पट्ट्याचं सुटं टोक गाठ मारून आत खोचा. ते चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागीच अडकेल. पावसासाठी "वॉटरप्रूफ" शब्दावर विश्वास ठेवू नका, आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घाला.

रुंदीचं मुंबईपुरतं वेगळं सांगतो. एक्सप्रेसवे, अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, यातल्या एकावरही दुचाकी चालत नाही. म्हणजे शहराबाहेर पडायचा प्रत्येक रस्ता गर्दीतूनच जातो: मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, घोडबंदर, नाहीतर भिवंडी. लोखंडी पेट्या लावलेली गाडी मागून हँडलपेक्षा रुंद होते, आणि डोळा तर हँडलच मोजतो. बेस्टच्या बसशेजारून हँडल निघतं आणि पेटी अडकते. हँडल जिथून गेलं तिथून बॅग गेलीच पाहिजे, टेप लावून मोजा. मुंबईकराला मऊ बॅगाच बऱ्या, रात्री काढून घरातही नेता येतात.

मागे कुणी बसणार असेल तर सीट गेली, टॉप बॉक्स आला. बायकोला पाठ टेकायला हवी असते आणि ती मागणी रास्त आहे. तेव्हा बॉक्स लावा, पण त्यात फक्त रेनकोट आणि हातमोजे. बॉक्सवर किंवा त्याच्या पत्रकात वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. ती वाचा. गाडीच्या पुस्तकातलं एकूण वजनही वाचा, त्यातून गाडीचं, तुमचं आणि मागच्या माणसाचं वजन वजा करा. उरलेला आकडा पाहून सामान निम्मं होतं, मला बोलायची गरज उरत नाही.

भरून झालं की मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) हूक पान्याने एक-दोन खाचा वाढवा. टायरमध्ये हवा मागच्या माणसासकटच्या आकड्याप्रमाणे भरा, तो आकडा बहुधा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर किंवा चेन कव्हरवर चिकटवलेला असतो. चेन, ब्रेक, ऑइल, ते तुम्ही नेहमी बघता तसंच.

मग निघायच्या आदल्या रविवारी, पूर्ण भरलेली गाडी घेऊन पहाटे रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास फिरा. यू टर्न घ्या, जोरात ब्रेक मारून बघा, चढावर थांबून पुन्हा निघा, साइड स्टँडवर लावून एकट्याने उभी करा. उभी करताना कंबरेतून कळ आली तर सामान काढा. जिमला जाण्यापेक्षा ते सोपं.

गाडीत कायमचे बदल करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचून घ्या. बोल्टाने लागतं आणि बोल्टाने निघतं, तेवढंच मी करतो. चेसिसला वेल्डिंग कधीच नाही.

शेवटचं काम रस्त्यावरचं. नवं कॅरिअर किंवा स्टे लावला असेल तर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर प्रत्येक नट पान्याने परत आवळायचा. पनवेल सोडलं, कर्नाळा ओलांडलं, पेणला चहाला थांबलात की चहा यायच्या आत हे उरका. मी एकदा चहा आधी घेतला, भजीही घेतली आणि तसाच निघालो. नागोठण्याला पाहिलं तर चार नटांपैकी दोन होते, आणि हार्डवेअरचं दुकान दुपारचं बंद.