बडोद्याच्या मातीचं शिल्प: खणण्यापासून भट्टीपर्यंत

बडोद्याच्या आसपास दोन प्रकारची माती सहज मिळते. आणंदकडच्या चरोतर भागाची पिवळसर, रेताड गोराडू आणि दक्षिणेला करजणच्या वाटेवरची कानम भागातली काळी. दोन्ही एकेकट्या वापरल्या तर दगा देतात. गोराडूत चिकणपणा कमी, त्यामुळे वळी, म्हणजे मातीची दोरी, वाकवली की तडकते. काळी हवी तशी वळते, पण पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना इतकी आकसते की हातभर शिल्पाला आरपार भेग जाते. काम जमतं ते दोघींच्या मिश्रणावर, आणि ते प्रमाण प्रत्येक खड्ड्यागणिक बदलतं.

माती मिळवायला घराच्या पायाचं खोदकाम उत्तम. मालकाला विचारून निदान दोन फुटांखालची घ्या, कारण वरच्या थरात मुळं आणि कचरा असतो. विश्वामित्रीच्या काठावर मात्र घमेलं घेऊन उतरू नका. मगरी तिथेच ऊन खात पडलेल्या असतात. शिवाय शहरातून वाहताना नदीत सांडपाणी येतं आणि चिखलात काचा असतात.

पहिलं काम शिल्पाचं नाही, पट्ट्यांचं. काळी आणि गोराडू सुक्या मापाने १:१, १:२ आणि १:३ अशा मिसळा. प्रत्येकीची १२ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद, १ सेंमी जाड पट्टी करा. ओल्या पट्टीवर बरोबर १० सेंमी अंतरावर दोन रेघा मारा आणि मागे प्रमाण कोरा. पट्टी सावलीत पूर्ण वाळली की रेघांमधलं अंतर मोजा. जितके मिलिमीटर कमी, तितके टक्के आकसली. ६ ते ८ टक्के चालेल. १० च्या वर गेली तर गोराडू वाढवा. आकसणं कमी आहे पण पेन्सिलीएवढी वळी बोटाभोवती गुंडाळताना तुटते, असं असेल तर काळी वाढवा.

दुसरी परीक्षा चुनखडीची. मातीतले पांढरे खडे ठेचून त्यांवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. हा खडा भट्टीत कळीचा चुना होतो, नंतर हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि आठवड्याभराने शिल्पाच्या गालावरचा टवका उडवतो. म्हणून चाळण्यात कंजुषी नको.

माती भिजवण्याआधी कडकडीत वाळवा आणि सुपारीएवढी फोडा. सुकं ढेकूळ पाण्यात आपोआप विरघळतं, अर्धओलं मात्र दिवसेंदिवस गोळाच राहतं. दोन-तीन दिवस न ढवळता ठेवा. वर आलेलं पाणी ओतून नवं घाला, असं दोनदा करा. यातून क्षार जातात, नाहीतर भाजल्यावर शिल्पावर पांढरी बुरशीसारखी झाक येते. मग ढवळून ४० मेशच्या, म्हणजे इंचाला ४० भोकांच्या, चाळणीतून गाळा. चुनखडी जास्त असेल तर ६० मेश घ्या. निवळली की जुन्या धोतरावर पसरून घट्ट होऊ द्या. प्लॅस्टरच्या लादीवर वाळवलीत तर लादीचे कण मातीत जाऊ देऊ नका, तेही चुन्यासारखेच टवके काढतात. तिंबून, ओल्या कापडात झाकून तीन आठवडे मुरू द्या. वास येऊ लागला तर चांगलं.

मोठ्या शिल्पासाठी दर १० किलो सुक्या मातीमागे २ किलो ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या खापराची पूड, अर्धा ते दोन मिमी दाण्याची. ती आकसणं कमी करते आणि आतल्या वाफेला वाट देते. कुटताना मास्क लावा, ही धूळ फुप्फुसांना वाईट. राजस्थानातल्या मोलेलाचे कुंभार याच कामासाठी गाढवाची लीद घालतात. ती जळून बारीक छिद्रं राहतात. लिदीने माती हलकी होते, पण बारीक नक्षी पुसट होते. चेहऱ्याच्या कामाला ग्रॉगच बरा.

शिल्प पोकळच हवं. ३० ते ४० सेंमी उंचीला भिंत १ ते १.५ सेंमी, सगळीकडे सारखी. जाड-पातळ भिंत वेगवेगळ्या वेगाने वाळते आणि सांध्यालाच तडकते. आत लोखंडी सळई ठेवू नका, माती आकसते पण सळई आकसत नाही. आधाराला चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद चालतो, तो जळून जातो. जोडताना दोन्ही भाग सारखे ओले असावेत, खरवडून त्याच मातीची रबडी लावा. प्रत्येक बंद पोकळीला तळाशी पेन्सिलीएवढं भोक ठेवा. हात, कान, शेपूट यांसारखे निमुळते भाग आधी वाळतात, त्यांना प्लॅस्टिकने झाका.

या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात शिल्पाचा वरचा थर आधी सुकतो आणि आतलं ओलं राहतं. पावसाळ्यात वस्तू वाळल्यासारखी दिसते, वाळलेली नसते. रोज वजन करा. सलग तीन दिवस वजन उतरलं नाही तरच भट्टी.

भाजणी अशी:
१२० अंश सेल्सिअसपर्यंत ताशी ३० अंश, तिथे दोन तास थांबा. पावसाळ्यात चार.
६०० पर्यंत ताशी ८० ते १००. ५५० ते ६०० मधे हळू, कारण ५७३ अंशांना मातीतली गारगोटी एकदम फुगते.
पुढे ताशी १०० ने ९५० पर्यंत, अर्धा तास तिथे.
भट्टी १०० च्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त उष्णतेला भाजायच्या मातीच्या, सवयीने १२०० वर नेलंत तर ही माती फुगून वितळेल आणि भट्टीच्या फळीला चिकटेल. भट्टी दुसऱ्याची असेल तर आधी भाजलेली पट्टी दाखवा आणि शिल्पाखाली जुनी लादी ठेवा. जास्त उष्णता हवीच असेल तर सौराष्ट्रातल्या थानगढची फायरक्ले, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी माती, १० ते २० टक्के मिसळून पट्ट्या पुन्हा करा.

चुन्याची शंका उरली असेल तर भट्टीतून काढल्यावर काही तासांतच शिल्प साध्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. भरपूर पाण्यात चुना विरून मऊ होतो, हवेतल्या ओलाव्यासारखा दाब देत नाही. नंतर आठवडाभर सावलीत वाळू द्या. रंग किंवा मेण त्याआधी लावू नका.