शेंगेन व्हिसाची फाइल कशी बांधावी

युरोपचा व्हिसा नाकारला गेला की पहिली शंका बँकेतल्या शिलकेवर येते. पण खात्यात भरपूर रक्कम असूनही अर्ज फेटाळले जातात आणि बेताच्या पगारावरही पहिल्याच वेळी व्हिसा मिळतो. निर्णय घेणारा अधिकारी सहसा तुम्हाला भेटतही नाही, त्याच्यासमोर फक्त फाइल असते. विमानाच्या तारखा, हॉटेलच्या रात्री, रजेचं पत्र, विमा आणि बँकेचं स्टेटमेंट या सगळ्यांतून त्याला एकच गोष्ट दिसायला हवी: ही व्यक्ती अमुक कारणासाठी, अमुक दिवस, अमक्याच्या खर्चाने येते आहे आणि परत जाण्यासाठी तिच्याकडे ठोस कारण आहे. एखादा कागद कमी असला तर तो मागवून घेता येतो. दोन कागद परस्परविरोधी असले तर मात्र सगळ्या फाइलवरचा विश्वास उडतो.

इथली माहिती भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत फिरायला किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्यांसाठी आहे. शिक्षण, नोकरी किंवा त्याहून जास्त मुक्काम असेल तर त्या-त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, त्याची प्रक्रिया वेगळी असते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. ब्रिटनचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो.

ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा. पॅरिसमध्ये ३ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि इटलीत ३ असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल, मग विमान पॅरिसला उतरत असलं तरी. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पाऊल टाकणार, तो देश धरायचा. एका देशाच्या अपॉइंटमेंट लवकर मिळतात म्हणून तिथे अर्ज करायचा आणि मुक्काम भलतीकडेच, हा मार्ग धरू नका. सीमेवर हॉटेलची बुकिंग विचारली की ही विसंगती उघडी पडते आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो.

सहलीच्या मध्यात लंडन असेल तर प्रवेशांची संख्या नीट मोजा. पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. तिथून ॲमस्टरडॅमला आलात तर तो दुसरा प्रवेश झाला. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर हे चालत नाही. अर्जात किमान दोन प्रवेश मागा, किंवा लंडन सहलीच्या सुरुवातीला अथवा शेवटी ठेवा.

कधी आणि किती पैसे

प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. अर्ज दूतावासाकडे स्वीकारला गेल्यावर निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, जास्त तपासणी असेल तर ४५ दिवसांपर्यंत मुदत वाढते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख धरलेली बरी.

प्रौढांसाठी फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, ६ वर्षांखालच्या मुलांना फी नाही. हे दर जून २०२४ पासून लागू आहेत. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

पासपोर्ट आणि नाव

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून परत निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात किमान २ पानं कोरी हवीत. लॅमिनेशन सुटलेला किंवा पान फाटलेला पासपोर्ट आधी बदलून घ्या.

मराठी कुटुंबांत खरा गोंधळ होतो तो नावाचा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तीन पदरी नाव चालतं. पासपोर्टमध्ये मधलं नाव बहुधा पहिल्या नावाच्याच रकान्यात असतं. अर्ज, विमा आणि विमानाचं तिकीट या तिन्ही ठिकाणी पासपोर्टमध्ये आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहा. लग्नानंतर बदललेलं नाव बँकेत एक आणि पासपोर्टमध्ये दुसरं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा आणि कव्हरिंग लेटरमध्ये (अर्जासोबतच्या पत्रात) त्यावर एक वाक्य लिहा. अधिकाऱ्याला हा खुलासा शोधायला लावू नका.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर, गेल्या ६ महिन्यांतला. चेहऱ्याने फोटोचा ७० ते ८० टक्के भाग व्यापायला हवा. आपल्याकडच्या स्टुडिओत साधा पासपोर्ट फोटो मागितला तर दुसऱ्या मापाचा मिळतो, तेव्हा ‘शेंगेनचा’ असं स्पष्ट सांगा.

तिकीट, हॉटेल, विमा

व्हिसा मिळण्यापूर्वी परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. दूतावासाला जाण्या-येण्याचं आरक्षण पुरतं. ते मात्र खरं, पीएनआर तपासता येईल असं हवं. हॉटेलं मोफत रद्द करता येणारी घ्या, पण एकही रात्र मोकळी सोडू नका. रात्रीच्या रेल्वेत किंवा मित्राच्या घरी मुक्काम असेल तर तसं कार्यक्रमात लिहा. व्हिसा हाती येताच सगळी बुकिंग रद्द करून वेगळीच सहल आखू नका. तारखेत थोडा बदल चालतो, मुख्य देशच बदलला तर अडचण येते.

विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं. त्यात तातडीचे वैद्यकीय उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च असायला हवा. पॉलिसी सगळ्या शेंगेन देशांत चालणारी हवी आणि पोहोचण्यापासून निघण्यापर्यंतचे सर्व दिवस त्यात बसायला हवेत. मुंबईहून रात्री निघणारं विमान दुसऱ्या दिवशी उतरतं, परतीलाही तारीख बदलते. विम्यात एक दिवस कमी पडण्याची चूक बहुतेक इथेच होते. दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्त घ्या.

ज्येष्ठांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर फक्त व्हिसापुरता स्वस्त विमा घेऊन थांबू नका. बऱ्याच पॉलिसी आधीपासूनच्या आजारांचा खर्च देत नाहीत किंवा अगदी तुटपुंजी मर्यादा घालतात. व्हिसा अशा विम्यावरही मिळतो, पण तिथे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल कुटुंबावर येतं.

पैशांची बाजू

बँकेचं स्टेटमेंट निदान ३ महिन्यांचं, काही देशांना ६ महिन्यांचं लागतं. त्यावर बँकेचा सही-शिक्का घ्या. सोबत प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि पगारदार असाल तर शेवटच्या ३ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडा.

अधिकारी शेवटच्या शिलकेबरोबर हालचालही पाहतो. दरमहा पगार येतो का, खर्च त्याला साजेसा आहे का, शिल्लक हळूहळू वाढली की एकदम उसळली? अर्जाच्या आठवडाभर आधी पाच लाख जमा झाले आणि त्यामागचं कारण कुठेच लिहिलेलं नाही, तर ते पैसे उसने आणलेले दिसतात. खरं कारण असतंच: मुदत ठेव मोडली, ग्रॅच्युइटी मिळाली, जमीन विकली. त्याची पावती किंवा खरेदीखताची प्रत जोडा आणि स्टेटमेंटमधल्या त्या नोंदीला खूण करा. फक्त शिलकीपोटी उसनवारी करण्याऐवजी सहल चार दिवसांनी छोटी केलेली चांगली.

किती रक्कम पुरेशी, हे प्रत्येक देश ठरवतो. उदाहरणार्थ, फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी रोज ६५ युरो आणि नसेल तर १२० युरो धरतो. तुमच्या सहलीचा हिशेब एका पानावर मांडा: तिकिटं, मुक्काम, तिथला प्रवास, रोजचा खर्च. ही बेरीज आणि खात्यातली शिलक एकमेकांना शोभायला हवी.

परत येण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे कागदही वेगळे. नोकरदाराने रजा मंजूर झाल्याचं आणि तो कोणत्या तारखेला कामावर रुजू होणार हे लिहिलेलं कंपनीचं पत्र द्यावं. दुकानदार किंवा व्यावसायिकाने शॉप ॲक्टचा दाखला आणि जीएसटी नोंदणी जोडावी. शेतकऱ्याने सातबारा आणि आठ-अ. निवृत्त माणसाने पेन्शनचे कागद. विद्यार्थ्याने शाळा-कॉलेजचं पत्र. मराठीतल्या प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर द्या. सातबारा तसाच जोडला तर जर्मन किंवा डच अधिकाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, जन्मदाखलाही. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत हवी.

मुलांकडे जाणारे आई-वडील

यजमान मुलगा-मुलगी असेल तर साधं निमंत्रणाचं ईमेल सगळीकडे पुरत नाही. जर्मनीत खर्चाची हमी मुलाने स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन द्यायची असते. त्या हमीपत्राची मूळ प्रत भारतात पाठवावी लागते आणि ते काढल्यापासून ६ महिन्यांत वापरायला हवं. त्या कार्यालयांच्या वेळाही लवकर मिळत नाहीत, म्हणून आई-वडिलांची अपॉइंटमेंट घेण्याआधी हे काम मार्गी लावा. फ्रान्समध्ये घरी राहायचं असेल तर यजमानपत्र तिथली नगरपालिका देते. नेदरलँड्समध्ये हमी आणि निवासाचा ठरलेला फॉर्म असतो, त्यावरची सही नगरपालिकेत प्रमाणित करून घ्यावी लागते. यासोबत मुलाचा निवासपरवाना, पगाराच्या स्लिपा आणि नातं दाखवणारा मुलाचा जन्मदाखला जोडा. खर्च मुलगा करणार असला तरी आई-वडिलांची पेन्शन, घर, शेती यांचे कागद वगळू नका. परत येण्याचा पुरावा त्यातूनच मिळतो.

मुक्काम लांबणाऱ्यांनी ९०/१८० चा नियम नीट समजून घ्यावा. कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजा, त्यात शेंगेनमधले दिवस ९० पेक्षा जास्त होता कामा नयेत. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. १ एप्रिलला उतरलात तर ९० वा दिवस २९ जूनला येतो, महिने मोजून ३० जूनचं तिकीट काढलंत तर एक दिवस जास्त राहिलात. सलग ९० दिवस राहिल्यावर पुन्हा पूर्ण ९० दिवसांसाठी २८ सप्टेंबरपासून जाता येईल.

केंद्रावरचा दिवस

मुंबईत बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात घेतले जातात, स्पेनचे बीएलएसकडे. काही देशांसाठी पुणे आणि पणजीतही सोय आहे. तुमचा पत्ता ज्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो तिथेच अर्ज करावा लागतो. केंद्रातले कर्मचारी फक्त कागद तपासतात आणि पुढे पाठवतात, निर्णय त्यांच्या हातात नसतो. त्यामुळे ‘आमची आत ओळख आहे’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. १२ वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट आहे. पूर्वीच्या शेंगेन अर्जात दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. शेतात किंवा घरकामात बोटांच्या रेषा झिजलेल्यांचे ठसे उमटायला त्रास होतो. आठवडाभर आधीपासून रात्री हातांना क्रीम लावा, मात्र त्या दिवशी हात कोरडे आणि स्वच्छ ठेवा. बोटांच्या टोकांवर मेंदी नको.

व्हिसा हाती आल्यावर

स्टिकरवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक लगेच तपासा, चूक असेल तर निघण्याआधीच कळवा. वैधतेची मुदत आणि राहण्याचे दिवस हे दोन वेगळे आकडे आहेत. मुदत १ ते ३१ मे असली आणि दिवस १५ असले तर त्या महिन्यात एकूण १५ दिवसच राहता येतं.

व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी परतीचं तिकीट, मुक्काम, विमा आणि पैसे विचारू शकतो. हे सगळे कागद छापून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात नको. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यात चेहऱ्याचा फोटो घेतला जातो, व्हिसाच्या वेळी दिलेल्या बोटांच्या ठशांची पुन्हा नोंद होत नाही, फी नाही. पासपोर्टवरच्या शिक्क्यांची जागा हीच नोंद घेते, आणि जास्त राहिलेले दिवस यंत्रच मोजतं. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, तेव्हा पुढचं विमान तासाभरावर ठेवू नका.

सामानाबद्दल थोडं. युरोपीय संघात भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवासी सामानात नेता येत नाहीत. तूप, पनीर, खवा, श्रीखंड घरीच राहू द्या. ताजी फळं आणि भाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. म्हणजे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडीही अडकते. मसाले, चटण्या, चिवडा न्यायला हरकत नाही. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते.

नकार आला तर

नकाराच्या पत्रावर ठरलेल्या कारणांपैकी एक किंवा अधिक कारणांवर खूण असते. ‘प्रवासाचा हेतू पटला नाही’ असेल तर कार्यक्रम, बुकिंग आणि निमंत्रण तपासा. ‘परत जाण्याचा इरादा दिसत नाही’ असेल तर नोकरी, व्यवसाय, मालमत्तेचे कागद. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं हे त्याच पत्रात असतं, देशागणिक ते बदलतं. नवा अर्ज केव्हाही करता येतो, पण तीच फाइल पुन्हा दिली तर उत्तर सहसा तेच येतं. दुसऱ्या देशाकडे अर्ज करून आधीचा नकार लपत नाही: सामाईक व्हिसा नोंदवहीत तो ५ वर्षं राहतो. कव्हरिंग लेटरमध्ये तो स्वतःच नमूद करा आणि या वेळी काय वेगळं आहे ते लिहा.

व्हिसा मिळून प्रवास झाला असेल तर त्याचा पुढे उपयोग होतो. एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार भारतात राहणाऱ्या ज्या भारतीयांनी मागच्या ३ वर्षांत २ शेंगेन व्हिसा नियम पाळून वापरले, त्यांना २ वर्षांचा आणि त्यानंतर ५ वर्षांचा अनेक-प्रवेश व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी पासपोर्टची मुदतही तेवढी शिल्लक हवी. पासपोर्ट संपत आला असेल तर तो आधी नवा करा, मगच अर्ज भरा, आणि जुन्या व्हिसांचा पासपोर्ट फाइलसोबत न्या.