१६-३५, १७-२८, २४-७०, २४-१०५... आधी सांधा कुठे येतोय ते बघा

दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या की कोणी ना कोणी विचारतंच, कॅमेऱ्याला वाइड लेन्स (रुंद दृश्य घेणारी) कुठली घेऊ आणि स्टँडर्ड (रोजच्या वापराची) कुठली घेऊ, आणि मग सगळे आपापल्या लेन्सचं नाव सांगून मोकळे होतात. मला विचाराल तर दोन झूम (१६-३५ सारखी रेंज असलेल्या लेन्स) घेताना आधी सांधा बघायचा, म्हणजे एक लेन्स जिथे संपते आणि दुसरी सुरू होते तो एमएम. एमएम लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. नेमका तोच एमएम तुम्ही सगळ्यात जास्त वापरत असाल तर लेन्स कितीही भारी असू द्या, दिवसभर काढा-घालाच करत बसाल.

माझंच सांगतो. मी १७-२८ आणि २८-७५ अशी टॅमरॉनची जोडी घेतली होती, एक ४२० ग्रॅम, दुसरी ५४०, दोन्हींना पुढे ६७ एमएम व्यासाचाच फिल्टर, दोन्ही एफ २.८ (हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), मध्ये एक एमएमची फट नाही की एक एमएम डबल नाही, कागदावर एकदम चोख. आणि मग विसर्जनाला लक्ष्मी रोडवर गेलो. ढोलपथक अंगावर आलं की २४ हवा, त्यातला एक ताशेवाला उचलायचा तर ३५, तेवढ्यात मागून रथ आला की २०. दर दोन मिनिटांनी बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून लेन्स बदलतोय, वरून गुलाल पडतोय, मागून धक्के. दुसऱ्या दिवशी पर्वतीवरून एफ ११ ला आकाश काढलं तर फोटोत तीन काळपट ठिपके, सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, गुलाल बसलेला.

आता माझ्याकडे १६-३५ आणि २४-१०५ आहे. २४ ते ३५ दोन्हीत येतं, म्हणजे तेवढे पैसे वाया असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. पण मिरवणुकीत १६-३५ लावली की ती रात्रीपर्यंत निघत नाही, आणि लग्नात २४-१०५ निघत नाही. त्या डबल तुकड्याचे पैसे म्हणजे लेन्स न बदलायचे पैसे आहेत.

तुमचा वापर कुठला हे शोधायला अंदाज नको, फोटो बघा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (हाच तो एमएम) लिहिलेली असते, लाइटरूममध्ये किंवा फुकटच्या डिजिकॅममध्ये त्यावरून फोटो वेगळे काढता येतात. गेल्या वर्षभरातले फक्त ठेवलेले फोटो घ्या, काढलेले सगळे नकोत. ढीग कुठे साचलाय ते पाच मिनिटांत कळतं. एक गंमत होते मात्र, किट लेन्सवाल्यांचे (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ वापरणाऱ्यांचे) ढीग हमखास १८ ला आणि ५५ ला असतात, कारण लेन्स तिथे संपते म्हणून आपण तिथे अडकलेलो असतो. १८ चा ढीग मोठा असेल तर वाइड कमी पडतेय, ५५ चा मोठा असेल तर आधी वाइड घेऊच नका.

क्रॉप कॅमेरा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, असेल तर आधी हे वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉपवर लेन्सच्या आकड्याला १.५ ने गुणायचं, कॅननवर १.६ ने. म्हणजे १८-५५ ही फुल फ्रेमवरच्या साधारण २७-८२ सारखी दिसते. आता कोणीतरी सांगतं "पुढे फुल फ्रेम घेशीलच, आत्ताच २४-७० घेऊन ठेव", आणि हा बाबा क्रॉपवर ती लावतो, ती होते ३६-१०५, आणि घरातल्या हॉलमध्ये चार माणसं बसत नाहीत. क्रॉपला क्रॉपच्याच लेन्स घ्या. सिग्माची १८-५० एफ २.८ फक्त २९० ग्रॅमची आहे आणि तिच्या खाली त्यांचीच १०-१८ एफ २.८ बसते. सांधा १८ वर, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात २७, तो तुम्हाला चालतोय का एवढं बघा. एकच लेन्स पाहिजे असेल तर १६ पासून सुरू होणारी घ्या, फुजीची १६-८० आहे ती २४-१२० सारखी पडते. १६ आणि १८ मध्ये काय एवढं, असं म्हणू नका.

का ते सांगतो, हिशेब सोपाय. फुल फ्रेम सेन्सर ३६ एमएम रुंद असतो. ३६ ला लेन्सच्या एमएमने भागायचं आणि समोरच्या अंतराने गुणायचं, तेवढी रुंदी फ्रेममध्ये मावते. १० फुटांवरून २४ ला १५ फूट, १८ ला २० फूट, १६ ला साडेबावीस फूट. म्हणजे दोन एमएममध्ये अडीच फूट भिंत जास्त आली. तेच ७० आणि ७२ मध्ये बघाल तर पावणेदोन इंच. म्हणून वाइडच्या टोकाला एकेक एमएम मोजून घ्यायचा आणि टेलीच्या (लांबचं जवळ आणणाऱ्या) टोकाला ७० काय नि ७५ काय, सोडून द्यायचं.

पण मावतं म्हणून चांगलं दिसतं असं नाही. भाच्याच्या मुंजीत वाड्याच्या चौकात १४ जण एका रांगेत उभे केले, माणशी दीड फूट धरा, २१ फूट झाले, मागे सरकायला जागा नाही, १० फुटांवरून १६ ला आरामात बसले सगळे. घरी येऊन बघतो तर कडेची काकू दीडपट रुंद, मधले नवरा-बायको बारीक. अल्ट्रावाइडमध्ये, म्हणजे १६ सारख्या फार वाइड लेन्समध्ये, कडेची गोष्ट ताणली जाते, माणूस असला की लगेच दिसतं. काकू तो फोटो अजून कोणाला दाखवू देत नाही. दोन रांगा केल्या असत्या तर सात जणांचे साडेदहा फूट त्याच जागेवरून ३० लाही बसले असते.

मग १४-१६ कोणाला लागतं? ज्याला मागे सरकता येत नाही त्याला. वेरूळच्या कैलास लेण्यात अंगणात उभे राहा, समोर देऊळ, पाठीशी कातळ, तिथे २४ ला काही होत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे, वाड्यातल्या खोल्या आहेत, रिअल इस्टेटवाल्यांचे फ्लॅट आहेत. पण सह्याद्रीच्या डोंगररांगा काढायला म्हणून अल्ट्रावाइड घेताय तर थांबा, १६ ला त्या रांगा मुंगीएवढ्या होतात आणि फोटोत नुसतं गवत आणि आकाश उरतं. एकामागे एक निळसर रांगा पाहिजेत तर ७० ते १०५ लागतो, म्हणजे स्टँडर्डचं वरचं टोक.

आणि अल्ट्रावाइडवर पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावणार असाल तर २४ च्या खाली आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं येतं, त्यात लेन्सचा दोष नाही. फिल्टरची पेटी असेल त्यांनी पुढची काच फुगीर असलेल्या लेन्सपासून जरा लांब राहा. निकॉनच्या जुन्या १४-२४ ला साधा फिरवून बसवायचा फिल्टर बसतच नाही, त्यांच्याच नवीन झेड कॅमेऱ्यांच्या १४-३० ला ८२ एमएमचा बसतो.

स्टँडर्डमध्ये भांडण एकच, २४-७० एफ २.८ की २४-१०५ एफ ४. वर ७०-२०० आहे किंवा नक्की घेणार आहात तर २४-७०, नसेल तर २४-१०५, मी तरी इतकंच बघतो. एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा, फरक संध्याकाळी हॉलमध्ये जाणवतो हे खरं, पण ८५-१०५ ला चेहरे इतके छान येतात की ७० वर थांबायचं जिवावर येतं. २८ पासून सुरू होणाऱ्या लेन्स हलक्या आणि स्वस्त असतात, पण खाली वाइड नसेल तर २८ प्रवासात कमी पडतो. एकाच लेन्सवर फिरायचं असेल तर सोनीची २०-७० एफ ४ ही मला सगळ्यात शहाणी रेंज वाटते, ४८८ ग्रॅम, आणि २० मिळाल्यावर निम्म्या लोकांना वेगळी वाइड लागतच नाही.

घ्यायच्या आधी फुकटात करून बघायच्या दोन गोष्टी. बहुतेक फोनचा मेन कॅमेरा २४ ते २६ सारखा असतो आणि ०.५ वाला १३ च्या आसपास, तर आठवडाभर ०.५ किती वेळा खरंच उपयोगी पडतो ते मोजा. दुसरं म्हणजे आत्ता जी झूम आहे तिची रिंग सांध्याच्या आकड्यावर नेऊन सेलोटेप लावा आणि एक अख्खी रविवार सकाळ तुळशीबागेत किंवा मंडईत तशीच काढा. पुढे जायची चिडचिड होतेय की मागे सरकायची, ते कळलं की कुठली लेन्स आधी घ्यायची तेही कळतं. तरी नक्की होत नसेल तर एक दिवस भाड्याने घ्या.

सेकंडहँड घेत असाल तर झूम रिंग दोन्ही टोकांपर्यंत हळू फिरवून बघा, मध्ये कुठे अडकते का, आणि लेन्स तोंड खाली करून धरा, नळी आपोआप बाहेर घसरायला लागली तर किंमत कमी करून मागा.