आउटबोर्डचं ट्रिम-टिल्ट बिघडलं? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, आणि ट्रिम-टिल्ट म्हणजे बटण दाबून ते वर-खाली करणारी यंत्रणा: विजेची मोटर पंप फिरवते, पंप तेलाच्या दाबानं इंजिन उचलतो. पाऊस होऊन तलाव भरले की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: "भाऊ, बटण दाबलं तरी इंजिन वर येत नाही, पंप गेला." पंप क्वचितच गेलेला असतो. बोट नागपूरच्या ४५ डिग्रीच्या उन्हात महिनोन्‌महिने अंगणात उभी राहते, बॅटरी कुणी काढत नाही, वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढतो. दोष बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे आवाज न ऐकता पाना हातात घेणं. बटण दाबा आणि कान द्या. रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट जोडणारा स्विच; 'वर'साठी एक, 'खाली'साठी एक) नुसता 'टक' करतो आणि मोटर गप्प, तर करंट पोचत नाही किंवा मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत. मोटर फिरते पण इंजिन हलत नाही, तर तेल कमी आहे किंवा मॅन्युअल रिलीज स्क्रू (तेलाचा दाब सोडून इंजिन हातानं वर-खाली करायचा स्क्रू) उघडा राहिलाय. काहीच आवाज नाही, तर फ्यूज आणि बटण बघा.

रामटेककडून एक जण ६० एचपीचं जुनं इंजिन घेऊन आला होता. इंजिन खाली जायचं, वर यायचं नाही. दुसरीकडे पंप बदलून झाला होता, 'वर'चा रिलेही नवा टाकला होता. मी 'वर'चं बटण दाबून निळ्या वायरवर मीटर लावला: १२ व्होल्ट. हिरवीवर लावला: तिथंही जवळपास तेवढेच. म्हणजे करंट मोटरपर्यंत येत होता, परत जायला वाट नव्हती. दोन वायरच्या मोटरमध्ये वर जाताना करंट निळीतून येतो आणि हिरवीतून, 'खाली'च्या रिलेमार्गे, अर्थला जातो. त्या रिलेचा अर्थचा काँटॅक्ट जळला होता. दोन्ही रिले एकाच जातीचे, म्हणून अदलाबदल केली. लगेच इंजिन वर गेलं आणि आता खाली येईना, कारण खराब रिले 'वर'च्या जागी गेला होता. एका रिलेचं काम, आणि त्या माणसानं आख्ख्या पंपाचे पैसे भरले होते. याचा मला आजही राग येतो. रिलेची अदलाबदल पाच मिनिटांत होते. तेवढाही धीर नसेल त्यानं इंजिन खोलूच नये.

बॅटरी उभ्या-उभ्या १२.६ व्होल्ट दाखवते म्हणून तिला सोडू नका. बटण दाबून ठेवलेलं असताना मोजा. १० च्या खाली गेली तर आधी चार्जिंग.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. लाकडी फळी टेकवून इंजिनखाली डोकं घालणारे पोट्टे मी पाहिलेत. त्यातल्या एकानं तसंच बसून रिलीज स्क्रू ढिला केला. फळी सरकली आणि इंजिनचं खालचं टोक फरशीवर आदळलं, क्षणभर आधी त्याचा हात होता नेमक्या त्या जागी. असं इंजिन शंभर किलोच्या घरात असतं. मी टिल्ट लॉक (इंजिन वरच अडकवून ठेवणारा खटका) लावतो, वरून जाड दोर बांधतो, मगच खाली वाकतो. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर चहा प्यायला पाठवतो.

तेलाचं झाकणही इंजिन खाली असताना उघडू नका, तेल दाबानं तोंडावर उडतं. इंजिन पूर्ण वर घेऊनच पातळी बघायची. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढा आणि सील बघा. कोणतं तेल घालायचं ते कंपनीच्या पुस्तकातून घ्या. अनेक जुन्या इंजिनांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) चालतं, ब्रेक ऑइल कधीच नाही, ते सील खातं.

रात्रभरात इंजिन हळूहळू खाली बसतं? सिलिंडर खोलण्याआधी रिलीज स्क्रू नीट आवळलाय का आणि त्याची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) कडक झाली का ते बघा.

तेल बदलल्यावर मोटर घुरघुरते आणि इंजिन धक्के देत चढतं, ती आत अडकलेली हवा. चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा, मधे मोटरला थंड होऊ द्या, आणि इंजिन वर असताना तेल पुन्हा भरा.