भूमितीच्या पेपरची तयारी आणि कंपासचे दोन स्क्रू

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत गणित भाग 2, म्हणजे भूमिती, हा 40 गुणांचा पेपर असतो. त्याच्या साहित्याची तयारी निदान पंधरा दिवस आधी करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण माझ्या वेळी अभ्यास पूर्ण झाला होता, पण साहित्य मी आदल्या रात्री नुसते मोजून पेटीत भरले होते. पट्टी, गुण्ये, कोनमापक, खोडरबर, पेन्सिली आणि पेन कोणीच विसरत नाही. कंपासकडे मात्र नीट लक्ष द्या.

कंपासला दोन स्क्रू असतात, एक वरच्या सांध्याचा आणि दुसरा पेन्सिल धरणारा, आणि दोन्ही घट्ट असावे लागतात. लंबदुभाजक काढताना रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवरून एकाच त्रिज्येचे कंस यावे लागतात. मधल्या मध्ये त्रिज्या दोन मिलिमीटरने जरी वाढली तरी मध्यबिंदू सरकतो, आणि वर्तुळाबाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढण्याची सगळी रचना त्या मध्यबिंदूवरच उभी असते. माझा सांधा ढिला होता. मी तीनदा खोडले, कागद खरवडला गेला, आणि त्या एका रचनेत गेलेला वेळ पुढे महत्त्वमापनाच्या उदाहरणांना कमी पडला. शेजारच्या विद्यार्थ्याकडून काहीही मागता येत नाही, हे तर आधीच माहीत असते.

म्हणून कंपास पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून घ्या किंवा घराजवळच्या दुकानातून, पण विकत घेण्यापूर्वी तो तेथेच उघडून पाहा. घरी 5 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ एकाच केंद्रातून सलग तीनदा गिरवा. रेषा एकच दिसली तर कंपास चांगला, दुहेरी दिसली तर लहान पेचकसाने स्क्रू आवळा, आणि तरीही फरक राहिला तर तो बदला. पेन्सिल आखूड व बारीक टोकाची असावी. रोजचा सराव याच कंपासने करावा. परीक्षेच्या दिवशी कोरा, हाताला न सरावलेला कंपास नेऊ नये. बीजगणितातही सांख्यिकीत वृत्तालेख असतो, त्यामुळे त्या पेपरनंतर दोन्ही स्क्रू पुन्हा तपासावेत.

प्रमेये पाठ म्हणून दाखवू नयेत, तर पक्ष, साध्य, आकृती आणि सिद्धता या क्रमाने घड्याळ लावून लिहावीत. समरूपता आणि वर्तुळ या प्रकरणांना अधिक वेळ द्यावा, कारण पुढची बरीच उदाहरणे त्यांवर अवलंबून असतात.

केंद्र आदल्या दिवशी पाहून यावे. पेठांतील काही शाळांच्या दोन इमारती असतात, आणि सकाळी बाजीराव रस्त्यावर रिक्षा अडकली की अंदाज चुकतो. सकाळच्या सत्रातील पेपर 11 वाजता सुरू होतो, परंतु साडेदहाला जागेवर असावे. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी सुरुवातीला मिळणारी 10 मिनिटे 2023 पासून शेवटी दिली जातात; त्यांत आकृत्यांची नावे तपासावीत.

सकाळी प्रवेशपत्र, पाणी, साधे घड्याळ. उत्तरपत्रिका मिळाल्यावर बैठक क्रमांक अंकांत व अक्षरांत लिहावा. पुरवणी घेतल्यास ती नीट बांधावी. आणि वर्गात शिरण्यापूर्वी कंपासचे दोन्ही स्क्रू एकदा बोटाने फिरवून पाहावेत.