विनिपेगचा हिवाळा आणि नाकातलं रक्त

कॅनडातल्या विनिपेगला आलो तो ऐन जानेवारीत. उणे 30 ची धास्ती होती, पण बाहेरची थंडी कपड्यांवर निभावली. छळलं ते घरातल्या हवेनं. चौथ्या दिवशी सकाळी उशीवर रक्ताचा डाग! नाक आतून तडकलेलं, घशाला कोरड, दाराच्या कडीला हात लावला की स्थिर विजेचा चटका.

इतक्या गार हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा घरात 21 अंशांपर्यंत तापली की रखरखीत होते. हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, आणून पाहिलं तर आर्द्रता 14 टक्के. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हे सोसणार कसं?

ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत बाष्प सोडणारं यंत्र, घेतला आणि थेट 45 टक्क्यांवर लावला. ही चूक. रात्रीतून खिडकीच्या काचेवर आतून बर्फ, चौकटीत पाणी. तसंच चालू ठेवलं असतं तर बुरशी धरली असती. मग 30 वर आणला, कडाका वाढला की 25. काच कोरडी राहिली, घसाही सुधारला. झोपताना नाकात तुपाचं बोट फिरवायला आईनं फोनवर सांगितलं, तेही केलं. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं.

ह्युमिडिफायरची टाकी मात्र दर आठवड्याला व्हिनेगरनं धुवा, तळाशी क्षार बसतात.