लॅपटॉपचा नवा चार्जर घेताय? नुसती पिन बसली म्हणून पैसे देऊ नका

लॅपटॉपचा चार्जर गेला की बहुतेक जण दुकानात जाऊन एकच गोष्ट बघतात, पिन आत जाते का. गेली, लाइट लागली, दिले पैसे. पण पिन बसणं हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे, कारण एकाच मापाच्या पिनेचे वेगवेगळ्या व्होल्टचे अॅडॅप्टर सर्रास मिळतात आणि चुकीचा लागला तर फटका मदरबोर्डला बसतो. म्हणून खाली दिलंय त्याच क्रमाने तपासा, फार वेळ लागत नाही.

आधी जुन्या चार्जरचं लेबल वाचा. अक्षरं बारीक असतात, मोबाईलने फोटो काढून झूम करा. त्यावर इनपुट आणि आउटपुट अशा दोन ओळी असतात. इनपुटला 100-240 व्होल्ट लिहिलेलं असतं, ती भिंतीच्या सॉकेटची बाजू, आपल्या घरातल्या 230 ला ते चालतं, त्याचा इथे संबंध नाही. आपल्याला आउटपुट हवंय, तिथे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असं डीसीचं चिन्ह असतं. जुना चार्जर हरवलाय, किंवा तोच मुळात कुठूनतरी आणलेला डुप्लिकेट होता, तर त्याच्या लेबलवर जाऊ नका, लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरचे आकडे बघा. माझ्या मते ते कधीही जास्त भरवशाचे.

आता व्होल्ट जुळवा. हा आकडा जुळलाच पाहिजे. 19 आणि 19.5 मधला अर्ध्या व्होल्टचा फरक बहुतेक लॅपटॉप चालवून घेतात, पण 15 च्या लॅपटॉपला 19 चा किंवा 12 चा लावायचा विचारसुद्धा करू नका.

मग अँपिअर. इथे लोक उगाच घाबरतात. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त, दोन्ही चालतं, कारण लॅपटॉप त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो, चार्जर जबरदस्तीने ढकलत नाही. व्होल्ट तेच असताना अँपिअर जास्त म्हणजे वॉट जास्त, म्हणून 45 वॉटच्या लॅपटॉपला त्याच व्होल्टचा 65 वॉटचा लावला तर काही बिघडत नाही, उलटं केलं तर मात्र चार्जर तापतो, चार्जिंग रेंगाळतं, आणि काम जड असेल तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी हे जास्तच सांभाळा, त्यांना 150, 180, 230 वॉट असं लागतं.

दुकानातच मोबाईलवर एक गुणाकार करून बघा, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. 19.5 गुणिले 3.34 म्हणजे 65, लेनोवोचे 20 आणि 3.25 म्हणजे पण 65, एसरचे 19 आणि 3.42 म्हणजे जवळजवळ 65 च. खोक्यावर मोठ्या अक्षरात 65 वॉट आणि लेबलवर 19.5 व्होल्ट, 2.31 अँपिअर असेल तर तो 45 चाच माल आहे, परत द्या.

पिनेचं माप दोन आकड्यांत असतं, बाहेरचा व्यास आणि आतला. फसगत इथेच होते. आसुसच्या बऱ्याच मॉडेलची पिन 4.0 बाय 1.35 मिलिमीटर आणि लेनोवोच्या काहींची 4.0 बाय 1.7, बाहेरून बघाल तर सेम टू सेम, पण चुकीची घातली की एकतर जात नाही किंवा ढिली बसते, आणि ढिल्या पिनेत ठिणग्या पडून लॅपटॉपचा जॅक, म्हणजे पिन बसते ती जागा, जळतो. त्यामुळे जमलं तर लॅपटॉपच सोबत न्या. लेबलवर एक छोटं चित्रही असतं, मधे ठिपका आणि दोन बाजूंना प्लस-मायनस, ती पोलॅरिटी, म्हणजे पिनेत प्लस आत की बाहेर. मधला ठिपका प्लसला जोडलेला आहे ना, हे जुन्याशी ताडून बघा.

आता डेल आणि एचपीवाल्यांसाठी खास. यांच्या पिनेच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते, ती पॉवर देत नाही, चार्जर कुठला आणि किती वॉटचा हे लॅपटॉपला सांगते. दोघांच्याही बऱ्याच मॉडेलची पिन 4.5 बाय 3.0 ची आहे, व्होल्टही 19.5 च, एकाची दुसऱ्यात जातेसुद्धा, पण ओळख पटवायची पद्धत वेगळी. ओळख पटली नाही तर डेलचा लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर स्लो करून ठेवतो, मग लोक बॅटरी बदलत बसतात. ती सुई वाकली किंवा तुटली तरी हेच होतं. डेलमध्ये चालू करताना एफ2 दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा सेटिंगचा मेनू) गेलात की अॅडॅप्टर किती वॉटचा ओळखलाय ते दिसतं, दुकानातच बघून घ्या.

टाइप-सी असेल तर काम सोपं, चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून व्होल्ट ठरवतात. फक्त चार्जरवर पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलं हवं आणि आउटपुटच्या यादीत 20 व्होल्ट हवा, मोबाईलचे बरेच चार्जर 9 किंवा 12 वर थांबतात. केबलही बघा, साधी केबल 60 वॉटपर्यंतच, 100 वॉटला 5 अँपिअरची केबल लागते. आणि लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंगचं नसतं.

इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ओरिजिनल म्हणून काहीही हातात दिलं जातं. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नंबर शोधा, बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या मालासाठी दिलाय ते दिसतं. अॅपमध्ये भलतंच काही निघालं तर घेऊ नका.

घरी मल्टिमीटर असेल तर लॅपटॉपला लावायच्या आधी एकदा चार्जरचे व्होल्ट मोजा. डीसीच्या 200 च्या रेंजवर ठेवा, कारण साध्या मीटरची 20 ची रेंज 19.99 ला संपते आणि 20 व्होल्टचा चांगला चार्जर असला तरी स्क्रीनवर नुसता 1 दिसतो. लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेरच्या कडेला, दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. मधे सुई असेल तर तिच्यावर टेकवू नका, नळीच्या आतल्या भिंतीला लावा. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर पोलॅरिटी उलटी आहे, तो चार्जर लॅपटॉपला लावू नका.

सगळं जुळलं की पहिला तासभर समोर बसून वापरा, व्हिडिओ वगैरे लावून. ब्रिक, म्हणजे चार्जरचा ठोकळा, कोमट होणं ठीक, पण हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा चार्जिंगचं चिन्ह येत-जात असेल तर लगेच काढा आणि बिल घेऊन दुकानात जा.